पाच लिटरमध्ये किती पर्यटक मावतात?

ऑगस्ट २०२२ मध्ये, डॉलरअभावी दिवाळखोरीत सापडलेल्या श्रीलंकेत, रिक्षाला आठवड्याला ५ लिटर पेट्रोल मिळायचं, मोटारसायकलीला ४ आणि मोटारीला २०. पंपावर क्यूआर कोड दाखवायचा. कोटा संपला की पुढच्या आठवड्याची वाट बघायची. कोलंबोहून कटुनायके विमानतळ साधारण ३२ किलोमीटर. रिकामं जायचं आणि पर्यटकाला घेऊन यायचं, म्हणजे ६४. रिक्षाचं अ‍ॅव्हरेज २५ धरलं तर एका फेरीत अडीच लिटर गेलं. दुसऱ्या फेरीला टाकी कोरडी आणि पोरांना शाळेत सोडायलाही पेट्रोल नाही. मोटारीची गत फार वेगळी नव्हती. कोलंबो ते गॉल आणि परत, सुमारे २४० किलोमीटर. लिटरला १२ चं अ‍ॅव्हरेज असेल तर आठवड्याचा कोटा एकाच भाड्यात संपला.

समुद्र जागेवर होता, हॉटेलात खोल्या रिकाम्या होत्या, विमानंही उतरत होती. अडलं होतं ते मधल्या ३२ किलोमीटरवर. त्याच महिन्यात सरकारला पर्यटकांसाठी वेगळा इंधन पास काढावा लागला.

जॉन अरी आणि मिमी शेलर या समाजशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. माणसं फिरतात ती जागचं न हलणाऱ्या गोष्टींच्या जोरावर: धावपट्टी, पेट्रोलपंप, व्हिसा कचेरी, बँक. होडी बांधायला धक्क्यावर खुंटा असतो, तसे हे प्रवासाचे खुंटे. एक उखडला की प्रवासी कितीही हौशी असो, घरीच बसतो.

श्रीलंकेत पहिला खुंटा हलला तो २१ एप्रिल २०१९ ला. ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. मे २०१८ मध्ये १ लाख २९ हजार पर्यटक आले होते; मे २०१९ मध्ये जेमतेम ३८ हजार. याला लोक ‘भीती’ म्हणतात, पण भीतीइतकंच काम कागदांनीही केलं. ब्रिटनसारखे देश ‘अत्यावश्यक असेल तरच जा’ अशी सूचना काढतात. ती निघाली की बहुतेक प्रवासविमे लागू होत नाहीत. विमा नाही म्हटल्यावर सहल कंपनी गट पाठवत नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याचीही सहल अशी रद्द होते. (आपल्याकडेही विमा घेताना सरकारी सूचना डावलून केलेल्या प्रवासाबद्दलचं कलम आधी वाचावं. सामान हरवण्याचं नंतर.)

मग कोविड आला. २०१८ मध्ये पर्यटनातून ४.४ अब्ज डॉलर आले होते. २०२१ मध्ये अर्धा अब्ज. देश बुडायला एवढंच कारण नव्हतं. करकपात होती, कर्जं होती, रासायनिक खतांवरची बंदी होती. पण पेट्रोल डॉलरमध्येच येतं. पर्यटक नाही म्हणून डॉलर नाही, डॉलर नाही म्हणून पेट्रोल नाही, आणि पेट्रोल नाही म्हणून पर्यटक नाही. १२ एप्रिल २०२२ ला सरकारने परदेशी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं. विमानांनाही इंधन पुरेना. कोलंबोची कितीतरी विमानं तिरुवनंतपुरम आणि कोचीला उतरून टाक्या भरत होती.

त्याच कटुनायकेच्या ‘निर्गमन’ दारावर मात्र गर्दी होती. २०२२ मध्ये ३ लाखांवर श्रीलंकन कामासाठी परदेशी गेले. त्यांच्या घामाचे डॉलर बँकेतून यावेत अशी सरकारची अपेक्षा होती. पण मार्च २०२२ पर्यंत डॉलरचा भाव २०३ श्रीलंकन रुपयांच्या आसपास बांधून ठेवलेला होता आणि बाहेर त्याहून बराच जास्त मिळत होता. साहजिकच पैसे ‘उंडियल’ने, म्हणजे आपल्या हवाल्याने, घरी पोचू लागले.

पर्यटक आणि निर्वासित यांच्यातली रेघही इथेच पुसट झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा रशियन आणि युक्रेनी असे दोन्हीकडचे पर्यटक श्रीलंकेच्या किनाऱ्यावर होते. त्यांच्या व्हिशांना मुदतवाढ मिळत गेली. २ जूनला कोलंबोच्या न्यायालयाने एअरोफ्लोट या रशियन विमानकंपनीचं एक विमान रोखलं, कारण ते आयर्लंडच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेलं होतं आणि त्यावर वाद होता. एअरोफ्लोटने कोलंबोची उड्डाणं काही महिने बंदच केली.

युद्ध पेटल्यानंतरच्या दोन वर्षांत २ लाख ८८ हजारांवर रशियन येऊन गेले. काही राहिले आणि दक्षिण किनाऱ्यावर खाणावळी, भाड्याच्या खोल्या, स्कूटर असे धंदे चालवू लागले. बुकिंग ऑनलाइन, पैसे परस्पर बाहेर. स्थानिकांच्या तक्रारी वाढल्या. त्याच किनाऱ्यावरच्या उनावटुना गावात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पार्टी जाहीर झाल्यावर भडका उडाला. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, व्हिशांची मुदतवाढ बंद झाल्याची नोटीस निघाली. मंत्रिमंडळाला न विचारता ती निघाली म्हणून राष्ट्राध्यक्षांनी लगेच चौकशीही लावली.

पेट्रोलचा कोटा तोवर उठला होता. रिक्षावाल्याची टाकी भरलेली होती. गिऱ्हाईक मात्र भाड्याच्या स्कूटरवर होतं.