इंग्रजी परीक्षण, चिनी उच्च माध्यमिक शाळांतील

चीनमधील उच्च माध्यमिक शाळांत (इयत्ता १० ते १२) विद्यार्थ्यांचे इंग्रजी व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन-आकलन तपासण्याची पद्धती. घटक चाचण्या, मासिक परीक्षा, प्रांतिक पातळीवरील शालान्त पात्रता परीक्षा आणि शेवटी ‘गाओकाओ’ ही राष्ट्रीय महाविद्यालय-प्रवेश परीक्षा अशी तिची उतरंड आहे. प्रत्यक्षात खालच्या सर्व परीक्षांचा घाट गाओकाओ ठरवते, म्हणून या नोंदीत मुख्यतः तिचाच विचार केला आहे. २०२४ मध्ये गाओकाओसाठी सुमारे १ कोटी ३४ लाख परीक्षार्थींची नोंदणी झाली. इंग्रजीला चिनी भाषा व गणित यांच्याइतकेच, म्हणजे १५० गुण असतात. ही प्रश्नपत्रिका सामान्यतः ८ जून रोजी दुपारी ३ ते ५ या वेळात होते.

ऐतिहासिक आढावा : १९६६ मध्ये बंद पडलेली गाओकाओ १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. १९७८ मध्ये परकीय भाषेची परीक्षा घेतली गेली, तरी तिचे गुण केवळ संदर्भासाठी होते. पुढे ते टप्प्याटप्प्याने एकूण बेरजेत धरले जाऊ लागले : १९८० मध्ये ३० टक्के, १९८१ मध्ये ५० टक्के, १९८२ मध्ये ७० टक्के आणि १९८३ पासून पूर्ण. त्या काळी शाळांत इंग्रजी शिक्षकांचा मोठा तुटवडा होता आणि ग्रामीण भागातील मुलांवर एकदम भार पडू नये, म्हणून ही सावध चाल होती.

प्रमाणित स्वरूपाची इंग्रजी परीक्षा नेमकी केव्हा सुरू झाली, याबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही. काही जण १९८५ हे वर्ष मानतात, कारण त्या वर्षी ग्वांगदोंग प्रांतात नव्या प्रवेश-परीक्षेचा पहिला प्रयोग झाला. इतरांच्या मते प्रांतिक प्रयोगाला आरंभ म्हणता येत नाही. नवा आराखडा देशभर पोचला तो १९८०–९० या दशकाच्या अखेरीस, तेव्हाच खरी सुरुवात झाली, असे ते म्हणतात. प्रश्नरचनेच्या दृष्टीने पाहता पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण पुढे देशभर गेलेल्या पत्रिकेची तत्त्वे ग्वांगदोंगमध्येच निश्चित झाली होती. ग्वांगझोऊच्या परकीय भाषा संस्थेतील गुई शिचुन आणि ली श्याओजू यांचा त्यात मोठा वाटा होता. गुई यांनी काठिण्य पातळी, विभेदनक्षमता (हुशार व कच्चे विद्यार्थी वेगळे काढण्याची प्रश्नाची शक्ती) आणि निरनिराळ्या वर्षांच्या पत्रिका एका मापावर आणण्याचा, म्हणजे समतुल्यीकरणाचा, प्रश्न यांवर भर दिला. रॅश प्रतिमानाच्या (प्रश्नाचे काठिण्य व परीक्षार्थीची क्षमता एकाच मापावर मांडणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या) साहाय्याने केलेले त्यांचे समतुल्यीकरणाचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. ली यांची भूमिका वेगळी, पण पूरक होती. परीक्षेने शाळेला व्याकरणाच्या नियमांकडून भाषेच्या वापराकडे वळवले पाहिजे, असे त्यांचे उघड प्रतिपादन होते. गेल्या चार दशकांतल्या बहुतेक सुधारणांमागे हाच आग्रह दिसतो. प्रश्न सुटे वाक्य सोडून उताऱ्यात गेला, पण तयारीच्या रेट्यात शाळा त्याची पुन्हा सुटी वाक्ये करत राहिली.

पत्रिकेची रचना : १९९०–२००० या दशकातील पत्रिकेत उच्चारांवरील प्रश्न असत. श्रवण-विभाग आला तसे ते गेले. तो १९९९ मध्ये ग्वांगदोंगमध्ये प्रथम आला. सुट्या वाक्यातील एक रिकामी जागा आणि चार पर्याय, हा व्याकरणाचा नेहमीचा प्रश्नप्रकार (१५ प्रश्न, १५ गुण) राष्ट्रीय पत्रिकांतून २०१४ मध्ये वगळला गेला. त्याच्या जागी उताऱ्यातील व्याकरण-पूर्ती आली. ग्वांगदोंगने ती २००७ मध्येच स्वीकारली होती. सध्याच्या नव्या राष्ट्रीय पत्रिकांत गुणविभागणी अशी आहे : श्रवण ३०, वाचन ५०, बहुपर्यायी गाळलेल्या जागा १५, व्याकरण-पूर्ती १५, व्यवहारोपयोगी लेखन १५, वाचनोत्तर कथा-विस्तार २५.

वाचनाच्या पहिल्या भागात चार उतारे व १५ प्रश्न असतात, प्रत्येकी अडीच गुणांचे. पहिला उतारा सहसा व्यवहारातला असतो, उदा., संग्रहालयाची माहितीपत्रिका किंवा शिबिराची जाहिरात. दुसरा बहुधा कथनात्मक आणि शेवटचे दोन माहितीपर किंवा विवेचक असतात. मजकूर इंग्रजी नियतकालिकांतून व संकेतस्थळांवरून घेऊन सोपा केलेला असतो आणि अभ्यासक्रमाच्या शब्दयादीबाहेरच्या शब्दांपुढे चिनी अर्थ दिलेला असतो. प्रश्न चार जातींचे : तपशील शोधणे, अनुमान काढणे, संदर्भावरून शब्दार्थ ओळखणे आणि मध्यवर्ती आशय सांगणे. अनुमानाच्या प्रश्नात फसवा पर्याय बहुधा उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे वापरतो, तर बरोबर पर्याय तोच आशय निराळ्या शब्दांत मांडतो. शब्दांवर नजर ठेवून उत्तर शोधणारा विद्यार्थी इथेच गुण गमावतो. दुसऱ्या भागात पाच वाक्ये गाळलेला एक उतारा आणि सात वाक्ये देतात. दोन वाक्ये शिल्लक राहतात, त्यामुळे वगळत जाऊन शेवटचे उत्तर फुकट मिळत नाही. एक जागा चुकली की दुसरीही चुकण्याचा संभव असतो. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र असावा या तत्त्वाला येथे बाध येतो, असा आक्षेप त्यामुळे घेतला जातो.

गाळलेल्या जागांचा वाद : या पत्रिकेतील सर्वांत चर्चिला गेलेला प्रकार म्हणजे बहुपर्यायी गाळलेल्या जागा. मूळ तंत्र अमेरिकन अभ्यासक विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडले, तेही विद्यार्थ्याची नव्हे, तर मजकुराची वाचनीयता मोजण्यासाठी. त्यात ठरावीक अंतराने, उदा., दर पाचवा, शब्द गाळतात आणि वाचक तो स्वतः लिहितो. पर्याय नसतात. १९७०–८० या दशकात जॉन ऑलर यांनी या चाचणीतून भाषेची समग्र क्षमता मोजली जाते, असे मांडले. चार्ल्स ऑल्डरसन यांनी मात्र गाळण्याचे अंतर बदलले की निकालही बदलतो, असे दाखवून तिच्या सरसकट वापरावर प्रश्नचिन्ह लावले.

चिनी पत्रिकेतील प्रकार या मूळ रूपापासून तीन बाबतींत दूर आहे. शब्द ठरावीक अंतराने नव्हे, तर निवडून गाळतात. प्रत्येक जागेला चार पर्याय असतात. आणि पहिले एक-दोन वाक्ये अखंड ठेवतात. चारही पर्याय एकाच शब्दजातीचे आणि एकाच रूपातले असतात, म्हणून व्याकरणाच्या आधारे एकही वगळता येत नाही. समजा, शर्यतीत मागे पडलेल्या मुलाच्या कथेत ‘लाफ्ड, सायड, शाउटेड, व्हिस्पर्ड’ असे पर्याय आहेत. रिकाम्या जागेचे वाक्य एकटे वाचले, तर चारही चालतात. उत्तर ठरते ते तीन-चार ओळी पुढे, प्रेक्षकांपैकी कोणीतरी त्याची आरोळी ऐकून मागे वळून पाहतो तेव्हा. म्हणून उतारा आधी संपूर्ण वाचून काढणे हीच खरी पद्धत आहे. पहिल्या जागेवर थांबून उत्तर नक्की करणाऱ्याचा तर्क पुढे सरकत नाही आणि एका चुकीच्या गृहीतावर चार-पाच जागा वाहून जातात.

हा प्रकार वाचन मोजतो की शब्दसंग्रह? एका मतानुसार तो मुळात शब्दसंग्रहाची परीक्षा आहे, कारण चारपैकी तीन शब्द माहीत नसतील, तर संदर्भ समजूनही निवड करता येत नाही. दुसऱ्या मतानुसार निवडून गाळण्यामुळेच तो वाक्यांपलीकडची संगती मोजतो. दोन्ही पक्षांना आधार आहे, पण अलीकडच्या पत्रिका पाहता दुसऱ्या मताकडे कल झुकतो, कारण त्यांतील पर्याय बहुतांशी सोपे, परिचित शब्द असतात. आधीच्या राष्ट्रीय आराखड्यात अशा २० जागांना ३० गुण होते. आता १५ जागांना १५ आहेत. वाचनाचे वजन मात्र वाढले.

व्याकरण-पूर्ती : सुमारे दोनशे शब्दांचा उतारा आणि दहा जागा, प्रत्येकी दीड गुणाची. साधारण सात जागांजवळ मूळ शब्द देतात आणि त्याचे योग्य रूप लिहायचे असते. उरलेल्या जागा सूचनेविना असतात. तेथे उपपद, शब्दयोगी, उभयान्वयी किंवा सर्वनाम येते. प्रत्येक सूचनाविरहित जागेत एकच शब्द चालतो. तपासणीत अर्धा गुण नाही. स्पेलिंग चुकले किंवा वाक्यारंभी मोठे अक्षर राहिले, तर पूर्ण दीड गुण जातो.

चुकांचे मूळ बहुतेक वेळा वाक्याच्या सांगाड्यात असते. ‘द व्हिलेज, … फॉर इट्स टी, अट्रॅक्ट्स मेनी व्हिजिटर्स’ या वाक्यात सूचक शब्द ‘नो’ (know) असेल, तर उत्तर ‘नोन’ (known). अनेक जण ‘इज नोन’ लिहितात. मुख्य क्रियापद ‘अट्रॅक्ट्स’ पुढे आलेच आहे, दुसऱ्याला जागा नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून जाणते शिक्षक विद्यार्थ्याला प्रथम वाक्यातील क्रियापदे मोजायला लावतात, मग त्यांना जोडणारी उभयान्वये मोजायला. कालरूपे आणि उपपदे ही आणखी दोन अवघड ठाणी. चिनी क्रियापद काळ, पुरुष वा वचनानुसार बदलत नाही आणि त्या भाषेत इंग्रजीसारखे उपपद नाही. (मराठीतही असे उपपद नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ यांतली निवड मराठी विद्यार्थ्यालाही तशीच अडवते. काळ-वचनाची सवय मात्र त्याला घरातूनच असते.)

आधीच्या आराखड्यात याच्या जोडीला उताऱ्यातील दुरुस्तीचा प्रश्न होता : सुमारे शंभर शब्दांत दहा चुका, प्रत्येक चूक एका शब्दाची, आणि दुरुस्ती म्हणजे शब्द घालणे, काढणे किंवा बदलणे. अकराव्या दुरुस्तीपासून पुढचे धरले जात नसे, त्यामुळे दिसेल त्या शब्दावर फुली मारण्याला आळा बसे. नव्या आराखड्यात तो वगळला आहे.

शब्दसंग्रह : विद्यार्थ्यांत ‘पस्तीसशे शब्द’ हीच परिभाषा रूढ आहे. ती जुन्या परीक्षा-रूपरेषेच्या यादीवरून आली. २०१७ च्या अभ्यासक्रम-मानकात (सुधारित २०२०) अनिवार्य टप्प्यासाठी २,००० ते २,१००, निवड-अनिवार्य टप्प्यासाठी ३,००० ते ३,२०० आणि ऐच्छिक प्रगत टप्प्यासाठी ४,००० ते ४,२०० शब्द अशी अपेक्षा आहे. हे आकडे खालच्या वर्गांतले शब्द धरून आहेत. यादी पाठ असूनही गुण जातात ते परिचित शब्दाच्या अपरिचित अर्थामुळे. ‘अॅड्रेस’ म्हणजे पत्ता एवढेच ठाऊक असलेल्याला ‘अॅड्रेस द प्रॉब्लेम’ कळत नाही. एक शब्द, एक चिनी अर्थ अशा रकान्यांत केलेले पाठांतर येथे उघडे पडते. शब्द नेहमी त्याच्या जोडशब्दांसह वहीत उतरवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होय.

लेखन व तपासणी : व्यवहारोपयोगी लेखनात सुमारे ८० शब्दांचे पत्र किंवा सूचना लिहायची असते. परीक्षार्थीने बहुतेक वेळा ‘ली हुआ’ हे कल्पित नाव धारण करायचे असते, त्यामुळे खरी ओळख उत्तरपत्रिकेवर येत नाही. शब्द ६० पेक्षा कमी भरल्यास दोन गुण वजा होतात. कथा-विस्तारात सुमारे साडेतीनशे शब्दांचा अपुरा प्रसंग वाचून, दोन परिच्छेदांच्या दिलेल्या पहिल्या ओळींपासून पुढे सुमारे १५० शब्द लिहायचे असतात. हा प्रकार झेजियांगमध्ये २०१६ मध्ये आला. त्यामागे चिनी भाषाभ्यासक वांग चूमिंग यांचे पुढे लिहिण्यातून शिकण्याविषयीचे विवेचन आहे. दुसऱ्या परिच्छेदाची दिलेली ओळ आधी पाहून पहिला परिच्छेद तिथवर कसा पोचेल हे ठरवावे लागते. तसे न केल्यास दोन परिच्छेदांत सांधा राहत नाही. उत्तरे परीक्षक संगणकाच्या पडद्यावर तपासतात. दोन परीक्षकांच्या गुणांत मर्यादेपलीकडे फरक पडला, तर तिसऱ्याकडे जातात. अक्षर वाचता न येण्याइतके वाईट असल्यास एक श्रेणी खाली आणण्याची मुभा आहे. छापील टंकासारखे, गोलसर ‘हंगशुई वळण’ (हेबेई प्रांतातील हंगशुईच्या नावाने ओळखले जाणारे हस्ताक्षर) शाळाशाळांतून गिरवून घेतात, त्याचे हे एक कारण.

बहुपर्यायी उत्तरे यंत्रवाच्य कार्डावर ‘२बी’ पेन्सिलीने रंगवतात. एक ओळ सुटली की पुढची सगळी उत्तरे सरकतात, म्हणून दर विभागाअखेर क्रमांक ताडून पाहण्याची सवय लावली जाते.

परिणाम व मतभेद : परीक्षेच्या आशयातून अध्यापन सुधारेल, या ली श्याओजू यांच्या अपेक्षेचा अभ्यासक छी लूशिया यांनी पुढे सविस्तर मागोवा घेतला. त्यांच्या निष्कर्षानुसार अपेक्षित परिणाम फारसा साधला नाही, कारण निवड करणे आणि अध्यापनाला वळण लावणे ही दोन कामे एकाच पत्रिकेत परस्परांना छेद देतात. शाळेतला क्रम हेच सांगतो : तीन वर्षांचा अभ्यास बहुधा दोन वर्षांत उरकतात आणि शेवटचे वर्ष उजळणीच्या फेऱ्या व सराव-परीक्षा यांना देतात. उताऱ्याच्या वाचनातून व्याकरण यावे हा हेतू चांगलाच आहे. पण वर्गात त्याच उताऱ्याचे ‘सातवी जागा, भूतकालवाचक धातुसाधित’ असे तुकडे होतात, तेव्हा मुलाला वाचनाचा आनंद मिळत नाही आणि टिकाऊ भाषाही मिळत नाही. हे नुकसान मोठे आहे.

गुण किती संवेदनशील आहेत हे २०१८ मध्ये दिसले. झेजियांगमधील नोव्हेंबरची पत्रिका अवघड गेली म्हणून वाचन व लेखनाच्या काही प्रश्नांच्या गुणांना भारांक (गुणांचे वजन बदलणारा गुणक) लावण्यात आला. पालकांचा क्षोभ उसळला, प्रांतिक चौकशी झाली, निर्णय चुकीचा ठरला आणि मूळ गुण पुन्हा लागू झाले. समतुल्यीकरणाची भक्कम, आधी जाहीर केलेली पद्धत नसताना गुणांना हात लावू नये, हाच त्यातला तांत्रिक मुद्दा होता. गुई शिचुन यांनी तो कितीतरी आधी मांडला होता.

प्रांतिक भेद : शांघाय व झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि अधिक गुण धरले जातात. बीजिंगमध्ये लेखी परीक्षेला १०० आणि संगणकावरील श्रवण-संभाषणाला ५० गुण आहेत. त्यातील संभाषणाचा भाग २०२१ पासून आला. ग्वांगदोंगमध्येही श्रवण-संभाषण संगणकावरच होते. इंग्रजीऐवजी रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश निवडण्याचीही सोय आहे.