बाळाच्या दुधासाठी डॉक्टरांनी मागितलेला कायदा

दूरदर्शनवर, वर्तमानपत्रात किंवा रस्त्यावरच्या फलकावर भारतात सहा महिन्यांच्या बाळासाठी दुधाच्या पावडरीची जाहिरात दिसत नाही. डबा औषधाच्या दुकानात सहज मिळतो, पण त्यावर गुटगुटीत बाळाचे किंवा आईचे चित्र नसते आणि आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम असल्याचे वाक्य मात्र ठळकपणे छापलेले असते. हे सारे १९९२ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यामुळे घडले. या कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांत बालरोगतज्ज्ञ आघाडीवर होते, आणि त्यांनी मागितलेला कायदा कंपन्यांइतकाच स्वतः डॉक्टरांनाही लगाम घालणारा होता. एखाद्या व्यवसायाने आपल्याच लाभांवर बंदी मागावी, असे वारंवार घडत नाही. ती का मागावी लागली, हे कळण्यासाठी आधी अंगावरच्या दुधाचे शरीरशास्त्र पाहावे लागते.

प्रसूतीनंतर वार पडली की आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि त्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत भरपूर दूध येऊ लागते. तोपर्यंत येतो तो चीक, तोही दिवसाकाठी काही चमचेच. बाळ स्तन ओढते तेव्हा आईच्या मेंदूला संदेश जातो, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो. याखेरीज स्तनात स्थानिक पातळीवरही एक नियंत्रण असते. दूध साचून राहिले तर त्याची निर्मिती मंदावते आणि स्तन रिकामा झाला तर ती वाढते. म्हणजे बाळ जितके ओढेल तितके दूध बनते.

आता प्रसूतिकक्षातील दुसरा दिवस डोळ्यांसमोर आणावा. बाळ रडते आहे, बाळंतिणीचे स्तन अजून मऊ आहेत, आणि आजी, मावशी किंवा शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, ‘दूध पुरत नाही, वरचं द्या.’ या क्षणी कुणी चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहून दिले, तर पोट भरलेले बाळ झोपते, कमी ओढते, त्यामुळे दूध खरोखरच कमी बनते, आणि दोन आठवड्यांत सुरुवातीची निराधार भीती खरी ठरते. विक्रीच्या दृष्टीने म्हणूनच पहिल्या आठवड्यातील एक डबा पुढच्या अनेक डब्यांची सोय करून ठेवतो. आईला चुकीचा सल्ला मिळाला, एवढ्यावर हे थांबत नाही. त्या सल्ल्याने तिच्या शरीराची घडी बदलते, आणि ती पूर्ववत करायला पुष्कळ कष्ट पडतात.

अंगावरचे दूध तुटले की बाळाचे जाते ते काय, हेही नेमके सांगायला हवे. चिकामध्ये आयजीए प्रकारची, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे आणि लॅक्टोफेरिन हे जंतुरोधक प्रथिन विपुल असते. आईच्या आतड्याने ज्या जंतूंचा सामना केला, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात, म्हणजे ज्या घरात बाळ वाढणार त्याच घरातील जंतूंविरुद्धचे संरक्षण त्याला मिळते. मातेच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सर्वांत मोठा घन घटक म्हणजे विशिष्ट संयुक्त शर्करा. त्या बाळाला पचतच नाहीत, पण त्यांच्यावर बाळाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियम हे उपकारक जिवाणू पोसले जातात. पावडरीत प्रथिने आणि उष्मांक मोजून घालता येतात, परंतु ही जिवंत, आईपरत्वे बदलणारी व्यवस्था डब्यात भरता येत नाही. त्यातच पाणी अशुद्ध असेल, बाटली नीट उकळलेली नसेल, आणि डबा महिनाभर पुरवण्यासाठी पावडर पातळ कालवली जात असेल, तर जुलाब आणि कुपोषण हातात हात घालून येतात.

हे दुष्टचक्र आधी डॉक्टरांनीच ओळखले. क्वाशिओरकोर या कुपोषणजन्य आजाराचे वर्णन १९३३ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स पुढे सिंगापूरमध्ये काम करत होत्या. बाळांसाठी गोड आटवलेल्या दुधाचा प्रचार तिथे जोरात होता. १९३९ साली तिथल्या रोटरी क्लबसमोर ‘मिल्क अँड मर्डर’ या शीर्षकाचे भाषण करून त्यांनी सांगितले की, अयोग्य आहाराच्या अशा प्रचारामुळे होणारे बालमृत्यू हत्येसारखेच मानले पाहिजेत. असे बोलायला त्या काळी मोठे धाडस लागत होते. पण भाषणाने धोरण बदलले नाही. आकडे हवे होते.

फिलिपिन्समधील बागियो या डोंगराळ शहराच्या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. नातिविदाद क्लावानो यांनी ते जमवले. त्यांच्या विभागात नवजात बाळांना वेगळ्या खोलीत ठेवून बाटलीने दूध देण्याची पद्धत होती, आणि ती आधुनिक समजली जात होती. १९७५ मध्ये त्यांनी पावडर कंपन्यांच्या प्रतिनिधींना विभागात येण्यास मनाई केली, भिंतीवरची जाहिरातचित्रे आणि बाटल्या काढून टाकल्या, बाळांना आईजवळच ठेवले आणि जन्मानंतर लगेच अंगावर पाजण्याचा नियम केला. सुमारे दहा हजार नवजात बालकांच्या आधीच्या व नंतरच्या नोंदी त्यांनी पडताळल्या, तेव्हा जुलाब, जंतुसंसर्ग आणि मृत्यू या तिन्हींत मोठी घट दिसली. १९७८ साली अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत त्यांनी साक्ष दिली. एका डोंगराळ शहरातील रुग्णालयाच्या नोंदवह्या अशा रीतीने जागतिक धोरणाच्या चर्चेत पोहोचल्या.

आधी आणि नंतर अशी तुलना पुरेशी भक्कम नसते, कारण मधल्या काळात इतरही गोष्टी बदललेल्या असू शकतात. ही शंका पुढे बेलारूसमधील मोठ्या प्रयोगाने दूर केली. तिथे ३१ प्रसूती रुग्णालयांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून काही ठिकाणी स्तनपानाला पोषक कार्यपद्धती लागू केली गेली आणि १७ हजारांहून अधिक माता-बालकांचा पाठपुरावा झाला. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या वयाला केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण बदल केलेल्या रुग्णालयांत ४३ टक्के होते आणि इतरत्र अवघे ६ टक्के. पहिल्या वर्षातील जुलाबही पहिल्या गटात कमी आढळले. दोन्ही गटांतील आया एकाच देशातील, एकाच परिस्थितीतील होत्या. फरक रुग्णालयाच्या वागण्यात होता, आणि म्हणूनच आईला दोष देण्याआधी रुग्णालयाकडे पाहायला हवे.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. बाजूने ११८ मते पडली आणि विरोधात एकच, अमेरिकेचे. संहिता मात्र ऐच्छिक होती. भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता केली, पण तीही सक्तीची नव्हती. मुंबईतील बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांच्यासारखे डॉक्टर ग्राहक चळवळीला सोबत घेऊन कायद्यासाठी झटत राहिले, आणि डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी डॉक्टरांचे देशव्यापी जाळे स्थापन झाले. पुढच्याच वर्षी कायदा संमत झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला.

या कायद्यानुसार कंपनीला आरोग्य कर्मचाऱ्याला भेटवस्तू किंवा आर्थिक लाभ देता येत नाही, विक्रीच्या प्रमाणावर आपल्या नोकराचा मोबदला ठरवता येत नाही आणि रुग्णालयात प्रचार करता येत नाही. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा खाद्यपदार्थांची सर्व प्रकारची जाहिरात बंद केली, तसेच डॉक्टरांच्या परिषदा, अभ्यासक्रम आणि संशोधन यांना कंपन्यांनी पैसा पुरवण्यावरही बंदी आणली. माझ्या मते कायद्याचा कणा हाच आहे. बाळंतिणीचा विश्वास डॉक्टरवर असतो, त्यामुळे प्रचाराचा सर्वांत परिणामकारक मार्ग डॉक्टरांच्या चिठ्ठीतून जातो. परिषदेसाठी पैसा घेतला म्हणून माझी चिठ्ठी बदलत नाही, असे प्रत्येक डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटते. म्हणूनच हा प्रश्न प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर न सोडता कायद्याने सोडवणे आवश्यक होते.

कायद्याने पावडरीची विक्री थांबवलेली नाही, आणि ती थांबवूही नये. आई दगावलेली असेल, तिला विशिष्ट औषधे घ्यावी लागत असतील किंवा क्वचित खरोखरच दूध अपुरे असेल, तर पावडर जीव वाचवते, आणि ती देणाऱ्या आईला अपराधी वाटायला लावणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. अकाली जन्मलेल्या नाजूक बाळांसाठी आणखी एक वाट डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली उघडली. दात्या मातांचे दूध तपासून, पाश्चराइज करून, गोठवून ठेवणारी ती आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी होती. एका महापालिका रुग्णालयात रुजलेली ही कल्पना पुढे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत आली.

एवढे होऊनही एक आकडा अस्वस्थ करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान, म्हणजे २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात, देशात रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेले. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपानही ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर पोहोचले. मात्र जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ वर, म्हणजे जागच्या जागीच राहिले. हा पहिला तास आता बहुतांशी रुग्णालयाच्या छताखाली जातो आणि त्या तासावर आईचे नव्हे, तर आरोग्य व्यवस्थेचे नियंत्रण असते. सिझेरियननंतर आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच बाळ तिच्या छातीशी लावता येते, पण त्यासाठी त्या वेळी मोकळी असलेली एक प्रशिक्षित परिचारिका लागते, आणि तीच नेमकी कमी असते.

घरी गेल्यावर प्रश्न कामाचा येतो. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती संघटित क्षेत्रापुरतीच. ऊसतोडीच्या फडावर कोयता घेऊन परतणाऱ्या बाळंतिणीला, घरकाम करणाऱ्या बाईला किंवा वीटभट्टीवरच्या मजूर स्त्रीला सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचा सल्ला देणे सोपे आहे, ते तिला परवडेल अशी सोय करणे अवघड. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यापुढे मागण्या करायच्या त्या इथे: असंघटित स्त्रीला बुडालेल्या मजुरीच्या तोलाचे प्रसूती साहाय्य, फडाजवळ पाळणाघर, प्रत्येक प्रसूतिकक्षात स्तनपानासाठी नेमलेली परिचारिका, आणि खासगी रुग्णालयांसह सर्वांना पहिल्या तासातील स्तनपानाची नोंद ठेवून ती जाहीर करण्याची सक्ती. बागियोत बदलाची सुरुवात नोंदवहीतूनच झाली होती, आणि आपल्याकडे तशी नोंद आज बहुतेक ठिकाणी उघड होतच नाही.