स्कॅन केलेलं पुस्तक संगणक वाचतो कसा?

सह्याद्रीच्या वाटांचं वर्णन असलेल्या एका जुन्या मराठी पुस्तकाची पीडीएफ मध्यंतरी मला मिळाली. तीनशेच्या वर पानं. ‘दऱ्या’ हा शब्द कुठे कुठे आलाय ते पाहावं म्हणून शोधायला गेलो, तर काहीच सापडलं नाही. तो शब्द तर समोरच्या पानावर मला दिसत होता!

पुस्तक स्कॅन झालं की ते डिजिटल झालं, हा समज ग्रंथालयांपासून विद्यापीठांपर्यंत सगळीकडे आहे. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, बहुधा इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं टिपलेला. त्यात संगणकाला शब्द दिसत नाहीत, फिकट-गडद ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांतून अक्षरं ओळखण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात, आणि देवनागरीपाशी हे तंत्र फार सुंदर अडचणीत सापडतं.

छापील रोमन अक्षरं बहुतेक सुटी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. मग ती वेगळी कशी करायची? आयआयटी कानपूरचे आर. एम. के. सिन्हा १९७०च्या दशकापासून देवनागरी वाचनावर काम करत होते. पुढे या क्षेत्रात एक युक्ती रूढ झाली. ओळीतल्या प्रत्येक आडव्या रांगेत काळे ठिपके किती ते मोजायचं. जिथे संख्या एकदम उसळते, ती शिरोरेषा. ती पुसली की अक्षरं सुटी होतात. पण ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ शेजारी लिहून पाहा. एकाची शिरोरेषा सलग, दुसऱ्याची तुटलेली. रेषा पुसली की ही खूणही जाते आणि उरते फक्त एक बारीक गाठ. जुन्या छपाईत शाई पसरली असेल तर तीही दिसत नाही.

म्हणून आता अक्षरं तोडतच नाहीत. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीची २०१८ची चौथी आवृत्ती अख्खी ओळ एकदम वाचते. ओळीवरून एक अरुंद खिडकी डावीकडून उजवीकडे सरकते आणि प्रत्येक थांब्यावर चेताजाल (न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने पाहून शिकलेला प्रोग्रॅम) सांगतं, ‘इथे अमुक अक्षर’ किंवा ‘इथे काही नाही’. ‘काम’ वाचताना ‘क क – ा ा – म म’ अशी माळ निघते. लागोपाठ आलेली सारखी चिन्हं एकत्र करायची, रिकामे थांबे गाळायचे, की उरतं ‘काम’. ‘मम’ हवं असेल तर दोन ‘म’च्या मध्ये एक रिकामा थांबा यावा लागतो. २००६ साली मांडलेली ही कल्पना मला आजही थक्क करते.

आता ‘आचार्यांना’ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ‘र्यां’चा क्रम र, हलन्त, य, काना, अनुस्वार असा असतो. छापताना मात्र तो र रफार होऊन सगळ्यांच्या शेवटी, कान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलट: लिहायची आधी, साठवायची नंतर. म्हणून जालाला पुढचं पाहून मागचं ठरवावं लागतं आणि ओळ दोन्ही दिशांनी वाचावी लागते.

‘नासानं संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली’ हा निरोप अजून फिरतो. त्याचं मूळ नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या १९८५च्या एका लेखात आहे. संस्कृत व्याकरणातलं अर्थविश्लेषण आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांतलं साम्य त्यांनी दाखवलं होतं. नासाचा तो निर्णय नव्हे. देवनागरी उच्चाराशी प्रामाणिक आहे हे खरं, पण तेवढ्यानं ती यंत्राला वाचायला सोपी होत नाही. ‘९९ टक्के अचूक’ या जाहिरातीचाही हिशेब करावा. पानाला १५०० अक्षरं धरली तर दर पानावर १५ चुका, ३०० पानांत ४५००. एखादा शब्द किती वेळा आला यावर संशोधन करणाऱ्याला त्या महागात पडतात.

माझं पुस्तक मी एका ओसीआर प्रणालीतून काढलं. ‘दऱ्या’ तरीही सापडेना! कारण मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. ग्रंथालयांच्या सूचीत दोन्ही रूपं एकच धरायची सोय हवी, आणि ती करणं अवघड नाही.

दुसऱ्या प्रकारानं टाइप केल्यावर ९ जागा मिळाल्या. मग शंका आली म्हणून ‘दर्या’ शोधला. सह्याद्रीच्या ऐन घाटात ४ ठिकाणी समुद्र निघाला. त्या चारही ओळी मूळ पानाशी ताडून मी हातानं दुरुस्त केल्या.