पिठाच्या गिरणीसाठीच केलेला कायदा

किमान वेतनाचा विषय काढला की दुकानदार, बेकरीवाला, दोन लेथ घेऊन बसलेला वर्कशॉपवाला एकच गोष्ट सांगतो: "ते कंपन्यांचं. आम्हाला लागू नाही." माझे वडीलही हेच म्हणायचे. आमची पिठाची गिरणी होती, दोन गडी कामाला. वडील कठोर मालक नव्हते. गड्यांच्या घरी आजारपण निघालं तर उचल द्यायचे, दिवाळीला कपडे करायचे. पण सरकारने ठरवलेला एक दर असतो आणि तो आपल्यालाही बांधून असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढे मी 1948 च्या किमान वेतन कायद्याची मूळ अनुसूची वाचली, तर दुसऱ्याच क्रमांकावर होतं: भातगिरणी, पिठाची गिरणी किंवा डाळमिल.

ती यादी नीट वाचण्यासारखी आहे. लोकरी गालिचे, विड्या, तेलगिरण्या, खडी फोडणं, लाख, अभ्रक, चामडं कमावणं, बांधकाम; दुसऱ्या भागात शेती. मुंबईच्या कापडगिरण्या त्यात नव्हत्या. तिथे कामगारांच्या संघटना होत्या, संप होत होते, औद्योगिक न्यायालय होतं. मजूर जिथे विखुरलेला, एकटा आणि मालकाच्या शब्दावर अवलंबून होता, त्या धंद्यांसाठी हा कायदा झाला. ब्रिटनने 1909 मध्ये असंच केलं होतं. तिथे सुरुवात शिवणकाम, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या बनवण्याच्या धंद्यांपासून झाली. 1928 च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारानेही वेतन फार कमी असलेले, सामूहिक वाटाघाटी नसलेले धंदेच डोळ्यांसमोर ठेवले होते. भारतातलं विधेयक एप्रिल 1946 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कायदा लागू झाला 15 मार्च 1948 रोजी. मालकाकडून माल घेऊन घरी काम करणाऱ्यालाही त्याने कामगार मानलं, म्हणजे घरी बसून विड्या वळणारी बाईही त्यात आली.

मग प्रश्न उरतो तो प्रत्येक छोट्या मालकाचा: "धंद्याला परवडत नसेल तर?" हा प्रश्न खोटा नाही. उधारी अडकते, भाडं थांबत नाही, हे मी घरात पाहिलं आहे. पण त्याचं उत्तर फार आधी देऊन झालं आहे. त्या काळातल्या रास्त वेतन समितीने तीन पायऱ्या मांडल्या: किमान वेतन, रास्त वेतन, जीवनवेतन. मालकाच्या ऐपतीचा विचार रास्त वेतन ठरवताना करायचा. किमान वेतन मात्र ऐपत असो वा नसो, द्यायचंच. अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सने कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. कमी पगारावर कामगार स्वतःच यायला तयार आहेत, हाही मुद्दा त्यात होता. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. "माणूस राजी आहे, मग तुमचं काय जातं?" हा युक्तिवाद तिथेच संपला. कायद्याच्या कलम 25 नेही किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरवला होता. त्यानंतर केरळमधले कौलांचे कारखानदार न्यायालयात गेले. त्या खटल्यात साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी मालकाची आर्थिक क्षमता इथे गैरलागू असल्याचं स्पष्ट केलं.

आकडा कशावरून काढायचा, हे 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं: एका कमावत्याच्या कुटुंबाचं खाणं त्याच्यासह तीन प्रौढांएवढं धरायचं, दर प्रौढामागे 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी 20 टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं. तोवर गरिबाच्या खर्चाच्या हिशोबात शाळेची फी नव्हतीच, हे वाचून मला आजही अस्वस्थ वाटतं.

महाराष्ट्रात अनुसूची वाढत साठहून अधिक धंद्यांपर्यंत गेली. दुकानं, बेकऱ्या, हॉटेलं, छापखाने, लॉन्ड्र्या सगळे आले. दर परिमंडळाप्रमाणे, म्हणजे भागाप्रमाणे, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीप्रमाणे ठरतात. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि महागाई निर्देशांक पाहून तो दर सहा महिन्यांनी बदलतो. बरेच मालक चुकतात ते इथेच. मूळ वेतन वर्षानुवर्षं तेच दिसतं, म्हणून दर बदललाच नाही असं ते धरून चालतात.

दुसरा गैरसमज 2017 नंतरचा. राज्याच्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना बहुतेक तरतुदींतून वगळलं. "आपण सुटलो" ही बातमी बाजारपेठेत झपाट्याने पसरली. सुटका होती ती त्या कायद्यातून. किमान वेतनाचा कायदा वेगळा होता, आणि त्यात अनुसूचीतल्या धंद्याला एक कामगार असला तरी तो लागू होता.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 चा कायदा वेतन संहितेत विलीन झाला. आता अनुसूचीच उरली नाही. धंदा यादीत आहे की नाही, हा वादच संपला. केंद्राने ठरवायच्या तळवेतनाच्या खाली राज्याला दर ठेवता येणार नाही. कमी पगार दिल्यास दंड 50,000 रुपयांपर्यंत.  पूर्वी कामगाराला सहा महिन्यांत दावा करावा लागे, आता तीन वर्षं आहेत. आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. वडील पगार गल्ल्यातून काढून हातात ठेवायचे, वहीत फक्त उचल लिहायचे. आज दावा झाला असता तर प्रत्येक महिन्याचा पगार दिला होता, हे दाखवायला त्यांच्याकडे एकही सही नसती.