मुंडी उडाल्यावरही कोंबडी का फडफडते?

रविवारी शाहूपुरीत चिकनच्या दुकानात उभा होतो, कापलेली कोंबडी ड्रममध्ये फडफडत होती आणि शेजारचे काका नातवाला म्हणाले, बघू नको तिकडं, अजून जीव अडकलाय तिचा. जीवबीव काही अडकलेला नसतो ओ. त्या फडफडीला एक ठेका असतो आणि तो मेंदूतून नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येतो.

आपण रंकाळ्यावर फोनवर बोलत चार चकरा मारतो तेव्हा आता मांडी आवळ, आता पोटरी सोड असं कोण सांगतं? पूर्वी वाटायचं की पाय टेकला की संदेश वर जातो, त्यातून पुढची हालचाल, त्यातून पुढची, अशी साखळी असणार. 1911 मध्ये ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, शिवाय पायाकडून संवेदना आणणाऱ्या नसाही कापल्या, म्हणजे वरून हुकूम नाही आणि खालून खबर नाही, तरी पायाचे स्नायू आळीपाळीनं आवळतच राहिले!

मला हे प्रकरण जाम आवडतं. त्यानं मांडलं असं, की प्रत्येक पायासाठी मज्जारज्जूत चेतापेशींचे दोन गट असतात, एक पाय वाकवणारा, एक ताठ करणारा. तालमीतल्या तांबड्या मातीत दोन पैलवान धरा. जो वर आहे तो खालच्याला दाबून ठेवतो, पण दाबून दाबून तो दमतो, पकड ढिली पडते, की खालचा उसळी मारून वर येतो आणि आता तो याला दाबतो. निकाल कधीच लागत नाही, आणि ही न संपणारी कुस्ती म्हणजेच चालण्याचा ठेका. पेशी दमतात कशा, तर त्यांच्या आवरणातून सोडियम-पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बारीक मार्गिकांमधून आत-बाहेर होतात, सतत संदेश सोडत राहिलं की काही मार्गिका मंदावतात, काही उलट्या दिशेनं ओढ लावतात, मग पेशी गप्प होते.

ठेका आतून येत असला तरी नीट चालायला पायाची खबरही लागतेच. मागचा पाय खुब्यात पुरता मागं ताणला गेला आणि त्यावरचा भार उतरला, की मज्जारज्जूला कळतं, आता उचल.

मग मेंदू काय करतो? 1966 मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की या शास्त्रज्ञांनी मोठा मेंदू तोडलेल्या मांजराच्या मध्यमेंदूत एका जागी हलका करंट दिला, मांजर ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायला लागलं, करंट वाढवला तर दुडकायला आणि आणखी वाढवल्यावर चौखूर पळायला लागलं. ॲक्सिलरेटरच.

माणसाचं मात्र मांजरासारखं नाही. दोन पायांवर तोल सांभाळायचा, म्हणून आपला मेंदू जास्त लक्ष घालतो, विशेषतः चवडा उचलणाऱ्या नडगीच्या स्नायूवर. म्हणून लकव्यात पुष्कळांचा चवडा घासतो. आणि इथं अजून लोक वारं गेलं म्हणून पायाला कबुतराचं रक्त चोळत बसतात, अरे बिघाड मेंदूत आहे, कातडीवर चोळून काय होणार? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तो वेळ कबुतर शोधण्यात जातो.

नंतर फिजिओथेरपीत पेशंटला चालवताना पाय खुब्यातून मागं जाऊ द्या म्हणून मागं लागतात ते याचसाठी. पाय मागं ताणला गेला, की खालच्या पैलवानाला उसळी मारायची खूण मिळते.