आवाज बसलाय, पण डेकचा की कानाचा?

दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटचा डबा माळ्यावरून खाली आला की इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरी एक वाद ठरलेला. मी म्हणतो, डेकचा आवाज बसलाय, घोंगडीआडून गाणं ऐकतोय असं वाटतं. बायको म्हणते, डेक होता तसाच आहे. माझं वय अडुसष्ट, डेकचं पस्तिशीच्या पुढचं, त्यामुळे संशय दोघांवरही घेता येतो. मागच्या वर्षी मी डेक दोनदा जेल रोडला नेला. पट्टा बदलला, पैसे गेले, घोंगडी जिथल्या तिथे.

घोळ होतो तो असा. म्हातारपणी डेक असो की कान, आधी जातात ते बारीक, वरचे आवाज. तंबोऱ्याची जवार, म्हणजे तारांची झणझण, विझते, तबल्याची चाट बोथट होते, खर्ज मात्र शाबूत. डेकमध्ये हे का होतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर पाच मायक्रॉनसुद्धा भरत नाही. फीत वाचणाऱ्या हेडवर एक मायक्रॉन मळ साचला तरी त्या आवाजाचे अकराएक डेसिबल गळतात. १०० हर्ट्झच्या आवाजाला त्याचा पत्ताही लागत नाही. कानात कॉक्लिया नावाचा शंख असतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी बारीक आवाज टिपतात, आणि वयोमानाने बहुधा त्याच आधी थकतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. शिवाय दोन्ही कान साधारण बरोबरीने उतरतात, म्हणून तुलनेला चांगला कान उरतच नाही.

मग ओळखायचं कसं? गाणं ऐकू नका, गाण्यामागची सळसळ ऐका. कॅसेटला ती असतेच. सळसळ लख्ख येतेय पण गाणं मंद, तर तुमचा कान निर्दोष. हेड फितीला काटकोनात राहिलेलं नाही, किंवा ती कॅसेट तिरक्या हेडच्या दुसऱ्या कुठल्या डेकवर भरलेली आहे. हेडच्या या कोनाला मेकॅनिक अ‍ॅझिमथ म्हणतात. एकच कॅसेट मंद आणि बाकीच्या ठीक, तरी बहुतेक हाच प्रकार. सळसळही गायब असेल तर मात्र हेड मळलंय किंवा कान गेलाय, आणि ते सांगायला घरातला लहान कान लागतो. मी ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज वाढवणारं बटण, पूर्ण चढवून बसलो होतो तेव्हा नात स्वयंपाकघरात डोकावून आली. म्हणाली, “आबा, कढईत काही तळतंय का?” मला तळण ऐकूच येत नव्हतं.

एकाच बाजूला मंद वाटत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानाला. मंदपणा दुसऱ्या कानाकडे सरकला तर दोष यंत्राचा, त्याच कानाला चिकटून राहिला तर कानाचा. कान एकाच बाजूचा किंवा अचानक गेला असेल तर डेक राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि यंत्राशिवायची खूण म्हणजे भाजीवाला. तो “साठ” म्हणतो आणि आपल्याला “आठ” ऐकू येतं, कारण ‘स’चा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो.

डेकचं औषध स्वस्त आहे. झाकण उघडा, कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हेडवर हलकेच फिरवा, काडी तपकिरी येईनाशी होईपर्यंत. फीत ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल लावू नये असं माझं मत. रबर कडक होतं. त्याला साबणाच्या पाण्याचा ओलसर फडका पुरे. अ‍ॅझिमथचा स्क्रू सफाईनंतरच, आणि आधी पेनानं खूण करून, चिमूटभरच फिरवायचा.

कानाचं काम सावकाशीचं. आधी मळ काढून घ्या. कित्येकदा तेवढंच असतं. मग ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख. तो बहुधा ८,००० हर्ट्झला थांबतो, म्हणून “नॉर्मल” लिहून आलं तरी जवार परत येईल असं नाही. श्रवणयंत्र घेतलं तर संगीताची वेगळी सेटिंग मागून घ्या. बोलणं ऐकण्यासाठी बसवलेल्या यंत्राला तंबोऱ्याचा सलग सूर शिट्टी वाटतो आणि ते तो दाबायला धावतं.

आमच्या घरी निकाल दोघांच्याही विरुद्ध लागला. ऑडिओग्रामची रेघ उजवीकडे, म्हणजे बारीक आवाजांकडे, घसरलेली निघाली, आणि धाकट्या भावाच्या लग्नातल्या मैफलीची कॅसेट खरोखरच तिरकी भरलेली. आता मी टॉर्च धरतो, नात स्क्रू फिरवते, आणि सूर कधी उघडला ते तीच सांगते.