गावदप्तरातून घराण्याचा शोध (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भात घराण्याचा आणि गावसमाजाचा जुना माग प्रामुख्याने तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय आणि गावची शाळा यांच्या दप्तरांतून काढता येतो. हे कागद इतिहासासाठी लिहिलेले नव्हते. सारा वसूल व्हावा आणि जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्याला पोचावी, एवढ्यासाठी ते ठेवले गेले. म्हणून कोणत्या कागदात कोण सापडेल, हे त्या कागदाच्या हेतूवर ठरते.

आधी गाव वऱ्हाडातले की नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले, हे ठरवावे लागते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. त्यामुळे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या भागांत सर्व्हे नंबरापुढे खातेदाराचे नाव सरळ मिळते. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर मालगुजारी पद्धत रुजली. गावाचा सारा मालगुजार भरी, आणि कसणाऱ्यांची नावे बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या मोजणीच्या, मिसलीत (कागदसंचात) व खसऱ्यात (शेतवार नोंदीत) कुळे म्हणून येतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीनहक्कांची नोंद, जुनी मिसल आणि आजचा सातबारा यांना जोडतो. वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद) आणि निस्तारपत्रक (सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) यांकडे शोध घेणारे सहसा वळत नाहीत, ही मोठी उणीव आहे. कारण चराई, सरपण, स्मशान, गुरांची वाट आणि तलावाचे पाणी यांवर गावात कोणाचा कसा हक्क होता, हे त्यांवरून कळते. भंडारा भागातील कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा अभ्यास तर अशा कागदांवाचून अपुराच राहील.

ज्यांच्या नावे जमीन नव्हती त्यांच्यासाठी कोतवाल बुकाइतके मोलाचे साधन दुसरे नाही. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल त्याची नोंद, पुष्कळदा गावातल्या लिहित्या माणसाकडून करवून, ठाण्यात कळवी. शेतमजूर, बलुतेदार आणि मालगुजार या बुकात एकाच पानावर येतात. नोंदीत तारीख, बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण असते. जन्माच्या नोंदीत मात्र अनेकदा केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले आढळते आणि आडनाव नसते. म्हणून ती नोंद शाळेच्या दाखल-खारीज (प्रवेश घेतलेल्या व शाळा सोडलेल्या मुलांच्या) रजिस्टराशी ताडून पाहावी लागते. पुरुष ‘वल्द’ने बापाशी आणि बाई ‘जौजे’ने नवऱ्याशी जोडलेली असते, तिचे माहेर सहसा लिहिलेले नसल्याने आईकडचा वंश येथे तुटतो, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारूनच पुढे नेता येतो. ज्या गावांची जुनी बुके टिकली आहेत तेथे १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ ची मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ यांचा घराघरावर झालेला आघात नावानिशी तपासता येतो.

आज या बुकांची नक्कल मुख्यतः जात पडताळणीसाठी मागितली जाते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या पुराव्याला विशेष वजन असते. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांच्या कागदांत ‘महार’च्या जागी ‘बौद्ध’ अशी नोंद सुरू होते. हा बदल त्या घराच्या इतिहासातला अभिमानाचा टप्पा आहे. त्याकडे नोंदीतील विसंगती म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

जुने कागद अनेकदा मोडीत असतात. निजामी अमलातल्या वऱ्हाडी कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कालगणनेचे वर्ष, आढळतो, आणि त्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो. भाटांच्या वह्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आणखी मागे नेतात, पण त्यांतील पिढ्या महसुली कागदाशी जुळल्याशिवाय पक्क्या मानू नयेत.

माग एखाद्या गावात अचानक थांबला तर आजूबाजूच्या रिठी मौजांचे कागद मागवावेत. वस्ती उठून गेलेली ही गावे महसुली नावाने अजून टिकून आहेत, आणि आजच्या गावात राहणाऱ्या घराण्याची आधीची नोंद तेथे मिळू शकते.